जपूनबाई आणि सात नंबरची बॅटरी

आधीच सांगतो, मी तोंडाचा फटकळ आहे आणि या गोष्टीत माझं तोंडच आडवं आलंय. जिथे बोलायचं तिथे मूग गिळून बसलो आणि जिथे गप्प बसायचं तिथे वटवट केली. तेव्हा गोष्ट जपूनबाईंची असली तरी मध्ये मध्ये माझी लाज निघणार, त्याला इलाज नाही.

जपूनबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते आम्ही पायलट लोकांनी ठेवलेलं. पायलट म्हणजे विमानाचे नव्हेत, ड्रोनचे. आमची कंपनी पूल, खाणी, विजेचे मनोरे असल्या गोष्टींची वरून पाहणी करून देते. आम्ही चौघं ड्रोन उडवायचो, मालक कामं आणायचे, आणि मागच्या खोलीत बाई बॅटऱ्या सांभाळायच्या. बेचाळीस बॅटऱ्या. बाईंच्या तोंडी सारखा एकच शब्द, जपून. बॅटरी हातात देताना जपून, घेताना जपून, दार लावताना जपून. एकदा मी नुसता चहाचा कप उचलला तर मागून आवाज आला, "जपून." मी म्हटलं, "बाई, चहा आहे हो, याचा स्फोट होत नाही!" सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, पण मी कप खाली ठेवेपर्यंत त्यांची नजर काही हलली नाही.

पन्नाशीच्या बाई, किरकोळ अंगाच्या, केस घट्ट बांधलेले. पूर्वी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथे बॅटऱ्यांची अख्खी खोली असायची, टाक्यांसारख्या मोठमोठ्या बॅटऱ्या, आणि त्यांत पाणी घालायचं काम बाईंकडे. ते एक्स्चेंज बंद पडलं आणि बाई आमच्याकडे आल्या. "त्या म्हशी होत्या," त्या म्हणायच्या, "पाणी दाखवलं की गप्प. या तुमच्या मांजरी. कधी ओरबाडतील नेम नाही."

त्यांची खोली बघण्यासारखी होती. बघण्यासारखी म्हणजे बघायला काहीच नव्हतं. पडदा नाही, पुठ्ठा नाही, लाकडी खुर्चीसुद्धा नाही. सिमेंटचा ओटा, त्यावर चार्जर. लोखंडी कपाटं, त्यांच्या दारांना वरच्या बाजूला भोकं पाडलेली, म्हणजे आत काही पेटलंच तर वाफ कोंडून कपाट फुटू नये. कोपऱ्यात वाळूच्या चार बादल्या. भिंतीवर देवाचा फोटो नाही की दिनदर्शिका नाही, फक्त तापमापक. उन्हाचा पारा चढला की बाईंचा जीव वरखाली व्हायचा. खिडकीला त्यांनी बाहेरून पत्रा ठोकून घेतला होता, ऊन बॅटरीवर पडू नये म्हणून.

आमच्या ड्रोनची बॅटरी म्हणजे चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी, अर्ध्या किलोची वस्तू. वरून नुसतं प्लॅस्टिकचं वेष्टण आणि आत सहा मऊ पाकिटं एकावर एक. बाईंचं म्हणणं, हिला सांभाळायचं तर तिच्या पोटाकडे लक्ष ठेवायचं. ना उपाशी ठेवायची, ना तुडुंब. पूर्ण भरून कपाटात ठेवली तर ती आतून नासते, पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. उड्डाण रद्द झालं की आम्ही सुटलो म्हणून घरी पळायचो आणि बाई मात्र भरलेल्या बॅटऱ्या एकेक करून निम्म्यावर आणत बसायच्या. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर त्या माणसाची खैर नसायची. "धावून आलेल्या माणसाला लगेच ताटावर बसवतोस का?" असं विचारायच्या. बॅटरी चार्जिंगला असताना बाई खोलीबाहेर पाऊल टाकत नसत. डबासुद्धा तिथेच, उभ्याने.

रोज संध्याकाळी आम्ही परत आलो की खोलीच्या दारात रांग. बाई एकेक बॅटरी हातात घेत, उपड्या हाताने तिचा गरमपणा बघत, वास घेत आणि मग काचेवर ठेवत. आरशाची जाड, सपाट काच होती ती. बॅटरीच्या एका कोपऱ्यावर बोट दाबायचं. डुगडुगली तर समजायचं, पोट फुगलंय. फुगलेली बॅटरी पुन्हा आत येत नसे. आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न: "पडली का?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, हे बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फुगलेली दिसते, तापलेली कळते. पण पडलेली बॅटरी कधी कधी वरून अगदी शहाण्यासारखी दिसते आणि आत एखादं पाकीट चेपलेलं असतं. मग एका दिवसाने, चार दिवसांनी, चार्जिंगला लावल्यावर ती पेटते. म्हणून पडलेली बॅटरी आठवडाभर मागच्या अंगणात, वाळूच्या पेटीत. तिथे बाईंची काच चालत नाही आणि नाकही चालत नाही. तिथे फक्त आमचा शब्द चालतो.

इतकी घाबरट बाई मी जन्मात पाहिली नव्हती, हे खरंच सांगतो. हात कायम थोडे थरथरायचे. आमच्यात कुजबुज होती की त्यांचं घर म्हणे जळलं होतं. एकाने तर नवरा भाजून गेला इथपर्यंत मजल मारली. मला कसला दम निघतो! मी सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "नवरा केलाच नाही तर भाजेल कसा? भावाकडे राहते मी. आणि घराला काही झालेलं नाही. माझ्या हातून आजवर कुठे काही झालं नाही."

"मग एवढं घाबरता कशाला?"

"घाबरते म्हणूनच नाही झालं," त्या म्हणाल्या आणि पुढची बॅटरी काचेवर ठेवली. मी बाहेर येऊन मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवली.

आता माझ्यावर येतो. माझ्या नावावर आधीच दोन ड्रोन पडलेले. एक तारेत अडकला, एक पाण्यात गेला. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तिसरा पाडलास तर उडवणं बंद." मी हसून मान डोलावली खरी. उडवण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

त्या बुधवारी खाणीचं काम होतं. ड्रोन उतरवत होतो. दोन पुरुष उंचीवर असेल, तेवढ्यात खाणीच्या कड्यावरून वाऱ्याचा असा झोत आला की ड्रोन कलंडला आणि दगडांवर आदळला. धावत जाऊन बघतो तर ड्रोनला फारसं काही नाही, एका पात्याला खरचटलेलं. पण बॅटरी निसटून बाजूच्या दगडावर पडली होती. सात नंबर. उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली. एक कोपरा नखाएवढा दबलेला, बाकी ठणठणीत. आजूबाजूला कोणी नव्हतं. सोबतचा ड्रायव्हर गाडीत घोरत होता. मी पातं बदललं, धूळ पुसली आणि ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं.

पण काच होती ना! तो दबलेला कोपरा काचेवर डुगडुगला असता. म्हणून संध्याकाळी मी पाच बॅटऱ्या दिल्या आणि सहावीबद्दल सांगितलं, "सात नंबर गाडीत राहिली बाई, गाडी पेट्रोल भरायला गेलीय. उद्या देतो."

"पडली का कुठली?"

"छे हो."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. एका शब्दाने उलट विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांची शंभर वेळा टिंगल केली असेल, पण खोटं कधी बोललो नव्हतो, आणि हे त्यांना ठाऊक होतं. सात नंबर तेव्हा माझ्या पिशवीत होती.

माझा बेत काय, ऐका. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी. गाडीतला जादा चार्जर मी घरी नेला. म्हटलं, सकाळी चार्जिंगला लावून बघू. सहाही पाकिटं सारखी भरली म्हणजे बॅटरी चांगली. मग कोपरा जरा घासून सरळ करू आणि गुपचूप परत देऊ. बायको सकाळीच शाळेत शिकवायला जाते. घरी माझी आई आणि माझी पाच वर्षांची मुलगी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी बॅटरी लावली आणि समोर खुर्ची टाकून बसलो. बाईंसारखा पहारा! दहा मिनिटं झाली असतील, मालकांचा फोन. एका पुलाचं काम अचानक ठरलंय, कागद तयार करायचेत, आत्ताच्या आत्ता ये. मी बॅटरीला हात लावून पाहिला. गार होती. म्हटलं, भरली की चार्जर आपला आपण बंद होतो. आईला ओरडून सांगितलं, "ओट्यावरच्या वस्तूला हात लावू नका!" आई कानाने जरा कमी. तिने मान हलवली. तिने काय ऐकलं ते देव जाणे.

दुपारचा एक वाजत आला असेल. मी कागदांत डोकं घालून बसलो होतो. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी खोली सोडून पुढे येत नसत.

"गाडी बघून आले मी. सात नंबर नाही तिथे."

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच मोठ्याने म्हणालो, "अहो, मग घरी राहिली असेल माझ्या पिशवीत! सोनं आहे का ते?"

"जादा चार्जरही नाही गाडीत."

मी समोरचे कागद उगाच सारखे करायला लागलो. बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घरी चार्जिंगला लावलीस? आणि इथे बसलायस? घरी कोण आहे?"

"आई. मुलगी."

"पडली होती का?"

मालक शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी मान वर केली होती. मी म्हणालो, "नाही हो बाई."

एवढं एक वाक्य. ते मला अजून झोपू देत नाही.

"चल," बाई म्हणाल्या. मालकांना काय कळायचं ते कळलं असेल, मी वळून पाहिलं नाही. गाडी मी चालवत होतो, बाई शेजारी. घर वीस मिनिटांवर. मी आईला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. आई दुपारी कानातलं यंत्र काढून झोपते. बायकोचा फोन वर्गात बंद. शेजारच्या घराला सकाळीच कुलूप पाहिलेलं. बाईंनी अग्निशमनला फोन केला. पलीकडून विचारलं, "आग कुठे लागलीय?" बाई म्हणाल्या, "अजून लागलेली नाही." "मग लागल्यावर फोन करा," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. एरवी या गोष्टीवर मी आठवडाभर हसलो असतो. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. प्रत्येक सिग्नलला मला धूर दिसत होता. एका वळणावर खरंच धूर होता. कोणीतरी कचरा जाळत होतं.

"पडलेली नाही म्हणतोस," बाई मध्येच बोलल्या. "मग बहुतेक काही होणार नाही. नुसती तापली असेल. हाताने उचलून बाहेर ठेवता येईल." त्या मला धीर देत होत्या हो! स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून, आणि धीर मला देत होत्या. तेव्हा तरी सांगायचं ना! मी स्वतःशी म्हणत होतो, काही झालं नसेल, मग कशाला सांगायचं.

आमचं घर तळमजल्यावर, पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे सिमेंटचं अंगण. दार उघडलं आणि वास आला. गोडसर, पिकून उतरलेल्या फळासारखा, त्यात बायका नखांना लावतात त्या रंगाचा उग्रपणा. हा वास बाईंनी आम्हाला शिकवला होता. हा वास आला की सगळं टाकून पळायचं.

मी स्वयंपाकघरात धावलो. ओट्यावर चार्जर होता, लाल दिवा लुकलुकत होता, वायर नुसती लोंबत होती. बॅटरी नव्हती.

"आत," बाई कुजबुजल्या.

आतल्या खोलीत पलंगावर आई भिंतीला टेकून झोपली होती. उजवा पाय लांब सोडलेला, गुडघ्याभोवती माझा जुना मफलर तीन-चार वेढे घेऊन बांधलेला. आणि त्या मफलरच्या आत काहीतरी टरारून फुगलेलं. आईचे गुडघे बारमाही दुखतात, आणि तिची शेकायची रबरी पिशवी गळायला लागून महिना झाला होता. मी आज आणतो, उद्या आणतो करत होतो. नंतर कळलं, चार्जर टी-टी करायला लागला, मुलगी म्हणाली, "आजी, डबी ओरडतेय," आजीने ती काढली. हाताला लागली ऊबदार, मऊ. म्हातारीला वाटलं, मुलाने विजेवरची नवी पिशवी आणली बरं का!

मुलगी आजीला बिलगून झोपली होती. तिचा गाल त्या मफलरला टेकलेला होता.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो असतो तर आई दचकली असती, पाय झटकला असता. बाई पुढे झाल्या. पलंगाशी वाकल्या आणि मफलरकडे उघडा हात नेला. ते बघून माझ्या आत काहीतरी तुटलं. मी हळूच म्हणालो, "बाई, पडलीय ती. दोन पुरुष उंचीवरून. दगडावर."

बाईंचा हात हवेत थांबला. तो त्यांनी मागे घेतला. वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. अनोळखी माणसाकडे बघतात तशी बघत होत्या. एक श्वास गेला असेल, दोन गेले असतील. त्यांना दार उघडं होतं. त्यांचे कोण लागत होतो आम्ही? माझ्या मनात आलं, आता ही बाई पळणार, आणि पळाली तर मी तिला बोल कुठल्या तोंडाने लावणार?

"आधी मुलीला उचल," बाई म्हणाल्या. "सरळ वर. आईच्या पायाला धक्का लावू नकोस."

मी मुलीच्या मानेखाली हात घातला आणि तिला उचललं. तिचा गाल तापून लाल झाला होता. ती झोपेतच माझ्या खांद्यावर पडली. बाईंनी मफलरची गाठ सोडायला घेतली आणि त्याच वेळी आईने डोळे उघडले.

"कोण गं तू?"

"पाय बघायला आलेय," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "हलवू नका बरं का पाय."

आईला यंत्राशिवाय निम्मं ऐकू आलं असेल, पण पाय बघायला कोणी आलंय म्हटल्यावर तिची गाडी सुरू झाली. "अगं, सात वर्षं झाली दुखतोय. आधी डावा दुखायचा, आता हा. जिना उतरायचा म्हणजे जीव जातो. पण आज फार बरं वाटलं हो! काय ती ऊब! मघापासून तर चांगलीच तापलीय, चटका बसतोय, पण म्हटलं बसू दे, चटक्यानेच गुण येतो." बाई वेढा सोडत होत्या. एक. "हो का," म्हणत होत्या. दोन. "कुठल्या बाजूला जास्त दुखतं?" तीन. त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. हात मात्र हलत नव्हते. कायम थरथरणारे ते हात त्या वेळी दगडासारखे स्थिर होते, आणि मी, आमच्यातला शूर पायलट, मुलीला धरून लटलट कापत होतो.

शेवटचा वेढा सुटला. बॅटरी उशीसारखी फुगली होती, वेष्टण एका शिवणीवर उकललं होतं. बाईंनी दोन्ही तळवे खालून सरकवले आणि ताट उचलावं तशी ती उचलली. "मागचं दार," त्या म्हणाल्या. मी धावलो. कडी नेहमीच घट्ट बसते, एका हाताने निघेना. मागे बाई उभ्या, हातात ते. मी कडीला लाथ घातली आणि दार उघडलं. बाई माझ्या अंगावरून पुढे गेल्या, अंगणाच्या पार टोकाला. वाकून बॅटरी सिमेंटवर ठेवली, आपटली नाही हं, ठेवली, आणि मागे सरकत आल्या. आठ पावलं आल्या असतील.

आधी सूं असा आवाज आला, मग पांढरा धूर, आणि मग जाळ. माणसाच्या उंचीचा जाळ. वर दोरीवर कपडे वाळत होते. मुलीचा पिवळा फ्रॉक पेटला आणि पेटतच खाली पडला. बाईंनी मला आत ढकलून दार लावून घेतलं. खिडकीतून आम्ही ते बघत राहिलो. आई मागून म्हणत होती, "अरे, माझी शेकायची पिशवी कुठे नेली त्या बाईने?"

मुलगी जागी होऊन रडायला लागली, तेव्हा माझाही बांध फुटला. मी खाली बसून ओक्साबोक्शी रडलो. बाईंचे दोन्ही तळवे लाल झाले होते. त्यांनी ते नळाखाली धरले. कितीतरी वेळ धरले. मी माफी मागत होतो, पाया पडत होतो. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं नाही की शिवी दिली नाही. मी गाडीतून सोडतो म्हणालो तर मान हलवून नको म्हणाल्या आणि चालत निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं, आणि बायकोलाही. मालकांनी माझं उडवणं बंद केलं. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. दोघांचंही बरोबर होतं. मला वाटलं, चला, निस्तरलं. जीव वाचले, शिक्षा झाली, प्रकरण संपलं.

संपलं नव्हतं. बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या, हाताला पट्ट्या बांधून. संध्याकाळी रांग लागली. त्यांनी पहिल्या पायलटला विचारलं, "पडली का?" तो म्हणाला, "नाही." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. बाईंनी बॅटरी अंगणातल्या वाळूत नेऊन ठेवली. दुसऱ्याची वाळूत. तिसऱ्याची वाळूत. चार दिवसांत कपाटं रिकामी आणि अंगणात पेट्याच पेट्या. पायलट चिडले, "बाई, दुधाने तोंड भाजलं म्हणून ताक किती फुंकाल?" मालकांनी समजावलं. बाईंना पटायचं, त्या मान हलवायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी सकाळी त्या खोलीच्या दाराशी आल्या, किल्ली लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. अर्धा तास. मग किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवून घरी गेल्या, त्या गेल्याच.

ती खोली आता मी बघतो. दुसरं कोणी तयार होईना. दिवसभर छातीत धडधड असते. कपाटात जरा खुट्ट झालं की मी उडतो. पायलटांनी मला काय नाव ठेवलंय ते मला ठाऊक आहे, पण असो.

महिन्याभराने मी बाईंच्या घरी गेलो. परत चला म्हणायला. भावाने दार उघडलं, पुस्तकांची बांधणी करतो तो, हाताला खळ लागलेली. आतल्या खोलीत बाई कागद दुमडून देत बसल्या होत्या. तळव्यांवरची कातडी नवी आलेली, गुळगुळीत. मी माझं भाषण सुरू केलं. खोली तुमचीच आहे, मला झेपत नाही, रोज भीती वाटते.

"बॅटरीची वाटते ना?" बाई म्हणाल्या. "ती सोसते रे. बॅटरी बिचारी तापते, फुगते, वास सोडते. माणसाचं काही कळत नाही. काचेवर कोणाला ठेवू?"

बाईंनी आणखी दोन कागद दुमडले. मग मान वर न करता विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. गालावर डागसुद्धा राहिला नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

मी हो म्हणणार होतो, पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की हो म्हणून उपयोग नव्हता. मी फोन काढला, घरी लावला आणि आईला म्हटलं, तिला दे. मुलगी फोनवर आली, चित्र काढलंय म्हणाली, घर आणि मांजर, आणि मांजराला सहा पाय झालेत. मी फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि मुलगी थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.